वायर तोडू नका, पण कॅमेरा जोडाच

महाडात कुणी नव्या गाडीला डॅशकॅम बसवायचा विषय काढला की सल्ला द्यायला चार जण पुढे येतात, आणि चौघांचं म्हणणं एकच असतं: कॅमेरा हवा तर घे, पण वायरिंगला हात लावू देऊ नकोस. शोरूमचा माणूस वॉरंटीचा धाक घालतो. शेजारी कुणाच्या तरी गाडीत झालेल्या शॉर्ट सर्किटची गोष्ट सांगतो. तिसरा म्हणतो, सकाळी सेल्फ उचलणार नाही, बॅटरी उतरलेली असेल. चौथ्याला मुळात कॅमेराच मान्य नसतो. त्याच्या मते कोर्टात ते चित्रीकरण चालत नाही, आणि चाललंच तर आपल्यावरच उलटतं. शेवटी सगळे मिळून एक तोडगा देतात: लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खुपस आणि मोकळा हो.

सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, यात शंका नाही. पण तो चुकीचा आहे. एका बाजूला कशेडी, दुसऱ्या बाजूला आंबेनळी, तिसऱ्या बाजूला वरंध हे घाट आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग अशा मुलखात तर तो फारच महागात पडणारा आहे. माझं म्हणणं सरळ आहे. इथे गाडी चालवणाऱ्याचा कॅमेरा फ्यूज बॉक्समधून, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजवर, कायमचा जोडलेला असावा. सॉकेटवर लटकणारा कॅमेरा म्हणजे नेमक्या वेळी बंद सापडणारा कॅमेरा. आता एकेक आक्षेप घेऊ.

आधी आगीची भीती, कारण सगळ्या आक्षेपांत तिच्यातच सर्वात जास्त तथ्य आहे. बाहेर केलेल्या जोडणीमुळे गाड्यांमधल्या वायरी जळतात, हे खरंच आहे. प्रश्न आहे तो कशामुळे जळतात हा. फ्यूज उपकरणाला वाचवतो असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात फ्यूज वाचवतो वायरला. सॉकेटला कारखान्यातून दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज दिलेला असतो आणि तेवढा प्रवाह पेलणारी जाड वायर असते. कॅमेऱ्याची वायर तिच्या मानाने फारच बारीक. घाईतला वायरिंगवाला जाड वायर ब्लेडने सोलतो, बारीक वायर तिच्याभोवती पिळतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. मे महिन्यात बंद गाडीतल्या उकाड्याने त्या टेपचा गोंद सुटतो. जुलैत दमट हवा आत शिरते आणि तांबं हिरवं पडतं. पुढे कधीतरी ती वायर पत्र्याच्या धारेवर घासून अर्धवट शॉर्ट होते. तिच्यातून आठ-दहा अँपिअर वाहू लागले की ती तापते, आवरण वितळतं, धूर येतो, आणि पंधराचा फ्यूज जागचा हलत नाही. त्याच्या हिशेबाने अजून काही बिघडलेलंच नसतं.

या सगळ्या प्रकारात कॅमेऱ्याचा दोष कुठे आहे? दोष आहे तो स्वतःचा फ्यूज नसलेल्या बारीक वायरचा आणि सोललेल्या जाड वायरचा. दोन्ही टाळता येतात. फ्यूज टॅप नावाची छोटी वस्तू मिळते. फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज उपसायचा, त्या जागी टॅप बसवायचा, उपसलेला फ्यूज टॅपच्या एका खाचेत परत घालायचा आणि दुसऱ्या खाचेत कॅमेऱ्यासाठी दोन-तीन अँपिअरचा छोटा फ्यूज लावायचा. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. बारीक वायरला तिच्या मापाचा फ्यूज मिळतो, तोही वीज जिथून निघते तिथेच. उद्या गाडी विकायची झाली तर टॅप काढा, गाडी होती तशी.

‘वायर तोडू नका’ म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं भांडण नाही. भांडण आहे ते या वाक्यावरून ‘म्हणून जोडूच नका’ इथे उडी मारणाऱ्यांशी. टॅप लावतानाही पथ्यं आहेत. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा संगणक आणि पॉवर स्टिअरिंग यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. टॅप उलटा बसवायचा नाही, नाहीतर कॅमेऱ्याचा भार मूळ फ्यूजमधूनच जातो. काळी वायर रंगवलेल्या पत्र्याला न लावता बॉडीच्या उघड्या धातूवरच्या बोल्टखाली घट्ट आवळायची. काचेच्या बाजूच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्यायची, वरून आडवी नाही. आणि कोकणात उंदीर वायर कुरतडतात हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. वायर नळीतून घ्यायची. ही यादी वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप? हे सगळं काम एका दुपारी होतं. ते नीट करायला सांगायचं सोडून काम करूच नका असा सल्ला देणं म्हणजे एकाचा सदरा शिवताना बिघडला म्हणून सगळ्या गावाने सदरा न शिवता हिंडण्यासारखं आहे.

आता सॉकेटचा तोडगा. तो सोपा आहे, एवढंच त्याचं पुण्य. २०११ पासून ज्याचं चौपदरीकरण चाललंय त्या महामार्गावर गाडी हाकणाऱ्याला खड्ड्यांबद्दल काही सांगायला नको. त्या हादऱ्यांत पिन ढिली होते आणि कॅमेरा गुपचूप बंद पडतो. पडद्यावरचा लाल ठिपका विझलाय हे चालत्या गाडीत कुणाच्या लक्षात येत नाही. घरचा माणूस मोबाइल चार्ज करायला पिन काढतो, ती परत लावायची राहते. लोंबती वायर गिअरच्या दांड्यात अडकते. शिवाय बऱ्याच गाड्यांत सॉकेट चावीवर चालतं. चावी काढली की कॅमेरा आंधळा. पाचाडला गाडी लावून रायगड चढून गेलात, किंवा महाडच्या बाजारपेठेत गाडी उभी केलीत, आणि परत येऊन बघता तर बंपर फुटलेला. ठोकून कोण गेलं? सॉकेटवरचा कॅमेरा त्या वेळी झोपलेला होता.

घड्याळाचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. कॅमेऱ्यात तारीख-वेळ सांभाळायला एक इवलीशी बॅटरी असते. वीज रोज तुटत राहिली आणि ती बॅटरी म्हातारी झाली की तारीख कित्येक वर्षं मागे जाऊन बसते. अपघात आजचा आणि चित्रावर तारीख कुठल्याशा जुन्या जानेवारीची, असं चित्रीकरण पोलीस ठाण्यात घेऊन गेलात तर पहिला प्रश्न कोणता येईल याची कल्पना करा. कायम जोडणीत घड्याळाला वीज मिळत राहते. कॅमेऱ्यात जीपीएस असेल तर वेळ आपोआप जुळते. पुरावा भक्कम व्हायला सुरुवात फ्यूज बॉक्समध्ये होते ती अशी.

तिसरा आक्षेप बॅटरी उतरण्याचा. इथे भीती घालण्यापेक्षा हिशेब करावा. डॅशकॅम पाच व्होल्टवर साधारण एक अँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे पाच वॅट. बारा व्होल्टचे पाच करणाऱ्या यंत्रातली गळती धरून बॅटरीवर भार पडतो अंदाजे अर्ध्या अँपिअरचा. रात्रीचे बारा तास गाडी उभी राहिली तर सहा अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची असते. सुदृढ बॅटरी एवढ्याने सकाळी रुसत नाही. पण गाडी तीन दिवस हलली नाही तर छत्तीस अँपिअर-तास जातात, म्हणजे बॅटरी संपली. गणपतीला गावी येऊन गाडी अंगणात लावणाऱ्या चाकरमान्याची भीती म्हणूनच खोटी नाही.

तिच्यावर उपाय मात्र केव्हाच निघालेला आहे. हार्डवायर किट नावाने जे यंत्र मिळतं त्यात तीन वायरी असतात. बहुतेक किटमध्ये पिवळी वायर कायम वीज देते, लाल चावी फिरली की नाही ते सांगते, काळी अर्थ. चावी काढली की कॅमेरा पहाऱ्याच्या स्थितीत जातो आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली आली की किट स्वतःच वीज तोडतं. ते ठरावीक व्होल्टेज किती, यातच सारी गोम आहे. पूर्ण भरलेली बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ ला ती साधारण अर्धी उरते, ११.८ ला जवळपास रिकामी. कित्येक किट ११.६ वर तोडतात किंवा बसवणारा तिथे लावून ठेवतो. ते संरक्षण नावालाच. तो आकडा १२.२ वर ठेवा, म्हणजे गाडी सुरू करण्याइतकी वीज बॅटरीत उरतेच. बॅटरी चार वर्षांची झालेली असेल तर रात्रीचा पहारा बंद ठेवा. किटमध्ये हा निर्णय तुमच्या हातात आहे. सॉकेटमध्ये असा निर्णय घ्यायची सोयच नाही. मालवाहू गाड्यांच्या मालकांनी एक गोष्ट वेगळी पाहावी. ट्रक आणि बस यांत बहुधा चोवीस व्होल्ट असतात. फक्त बारा व्होल्टचं स्वस्त किट तिथे लावलं तर जळतं, आणि मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

महाडचा म्हणून खास एक आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते इथल्या प्रत्येक गॅरेजला ठाऊक आहे. पाण्यात बुडणाऱ्या गाडीत कायम जिवंत राहणारी आणखी एक वायर कशाला, असं विचारलं जातं. पण गाडीत कायम जिवंत वायरी आधीच भरपूर असतात: घड्याळ, सेंट्रल लॉक, धोक्याचे दिवे, हॉर्न, चोरीचा भोंगा. त्यातल्या बहुतेकींवर कॅमेऱ्याच्या फ्यूजच्या कैक पट मोठे फ्यूज आहेत. दोन अँपिअरवर तुटणारी वायर या घोळक्यातली सर्वात निरुपद्रवी. पुराचं पाणी लागलेल्या गाडीत कॅमेऱ्याचा टॅप काढून त्याचे पाय तपासा, हिरवे पडले असतील तर टाकून द्या आणि नवा घाला. पुराचा धडा एवढाच.

आता वॉरंटी. बाहेरच्या जोडणीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे बरोबर आहे. पण जोडणी केली म्हणून सगळ्या गाडीची वॉरंटी गेली, असा अर्थ त्यातून निघत नाही. कॅमेरा लावला आणि गिअरबॉक्स बिघडला, तर त्या दोहोंचा संबंध काय, हे कंपनीला सांगता आलं पाहिजे. वायर न कापलेली, फ्यूज असलेली, काढता येणारी जोडणी असेल तर असा संबंध जोडणं कंपनीला अवघड जातं. आणि ब्लेडने सोललेली वायर सापडली तर तुम्हाला बोलायला जागा उरत नाही. गंमत अशी की जिथे हा धाक घातला जातो त्याच काउंटरवर म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प आणि मागचा कॅमेरा विकायला मांडलेले असतात, आणि तिथलाच मुलगा ते बसवतो. वायरिंगला हात लावणं पाप असेल तर ते शोरूमच्या आतही पापच असायला हवं. विम्याचं म्हणाल तर बाहेरून बसवलेल्या विजेच्या उपकरणांसाठी मोटार विम्यात वेगळी तरतूद आहे, किमतीच्या चार टक्के जादा हप्ता. सहा हजारांच्या कॅमेऱ्याला वर्षाला दोनशे चाळीस रुपये. पॉलिसीत ते नोंदवून घ्यावं.

आणि सरकारला तरी वायरिंगची एवढी भीती आहे का? नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारं यंत्र आणि संकटकाळचं बटण केंद्राने १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचं केलं, रिक्षासारखी वाहनं वगळून. ते यंत्र गाडीच्या बॅटरीला आणि चावीला, दोन्हींना जोडलेलं असतं. महाबळेश्वरला पर्यटक नेणाऱ्या टॅक्सीला जे चालतं ते घरच्या गाडीला चालणार नाही, हे कोणत्या तर्काने?

राहिला चौथा माणूस, ज्याला कॅमेऱ्याचं चित्रीकरण कोर्टात चालत नाही असं वाटतं. या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातून आला. जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद होता, आणि त्यात चित्रीकरणाचा पुरावा मानायचा की नाही हा मुद्दा निघाला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच हजर केलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी खूण, लिहावी लागते. म्हणजे चित्रीकरण चालतं. नीट सांभाळावं लागतं एवढंच. आपल्याकडे ते बिघडतं कुठे, तर व्हॉट्सॲपवर. अपघात झाला की पहिल्या तासात क्लिप दहा ग्रुपांत फिरते. पाठवताना व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं, आणि फिरलेली क्लिप मूळ फाइल राहत नाही. कार्ड काढा, लिफाफ्यात घाला, नोंद करा, नवं कार्ड लावा. फिरवायची हौस नंतर भागवा.

‘आपल्यावरच उलटेल’ या भीतीला मात्र मी उत्तर देणार नाही, कारण ते उलटायलाच हवं. कशेडीच्या जुन्या वळणांवर पुढचं दिसत नसताना ओव्हरटेक करणाऱ्याने कॅमेऱ्याला घाबरावंच. पण बहुसंख्य चालकांची भीती नेमकी उलटी आहे: चूक नसताना आपल्यावर येईल. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभरचे ट्रकचालक संपावर गेले ते नव्या न्याय संहितेतल्या, अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या तरतुदीवरून. त्यांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं. पण चालकाची अडचण तिथेच राहिली. मोठी गाडी ती दोषी, असं रस्त्यावरचा जमाव ठरवून टाकतो. त्या जमावापुढे किंवा नंतर ठाण्यात चालकाच्या बाजूने बोलणारा साक्षीदार म्हणून दुसरं काय आहे त्याच्याकडे?

साक्षीदार नसला की काय होतं ते पोलादपूरने पाहिलं आहे. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला सहलीला जाताना आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एकच माणूस वाचला. पुढे बस नेमकी कोण चालवत होतं यावरूनच वाद उभा राहिला, मृतांच्या नातेवाइकांनी चौकशीसाठी आवाज उठवला, आणि आपलं माणूस गमावलेल्या घरांच्या दुःखात संशयाची भर पडली. कोण बरोबर होतं हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि ते इथे सांगायचंही नाही. पण आत आणि बाहेर बघणारा, दोन भिंगांचा, नीट जोडलेला कॅमेरा असता आणि त्याचं कार्ड त्या दरीतून हाती लागलं असतं, तर निदान या एका प्रश्नासाठी कुणाला कुणाकडे बोट दाखवावं लागलं नसतं. त्याचा फायदा नातेवाइकांना झाला असता आणि वाचलेल्यालाही.

कॅमेरा काय करू शकत नाही हेही स्पष्ट सांगतो, नाहीतर माझाही दुकानदार होईल. तो दरड थांबवत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन बस पाण्यात गेल्या, तेव्हा गाडीतला कुठलाही कॅमेरा कुणाला वाचवू शकला नसता. तिथे प्रश्न पुलाच्या तपासणीचा होता आणि आहे. आंबेनळीच्या पावसाळी धुक्यात त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसत नाही. रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात नंबर प्लेट पांढरी पडते. वायपर फिरतो त्या भागात तो बसवला नाही तर आपल्याकडच्या पावसात चार महिने फक्त थेंब दिसतात. धक्का ओळखण्याची संवेदनशीलता जास्त ठेवली तर प्रत्येक खड्ड्याला तो अपघात समजून फाइल जपून ठेवतो आणि कार्ड भरून जातं. ती खाली आणा. आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत ये-जा करणाऱ्या ज्वालाग्राही रसायनांच्या आणि इंधनाच्या टँकरवर गॅरेजातली साधी जोडणी नको. त्यांच्या विजेच्या जोडणीचे नियम वेगळे आहेत, आणि ते काम त्या नियमांची माहिती असलेल्यानेच करावं.

या सगळ्या मर्यादा मान्य करूनही मूळ मुद्दा जागचा हलत नाही. विरोध करायचा तर वाईट वायरिंगला करा. गॅरेजमध्ये ब्लेड आणि काळी टेप दिसली की काम थांबवायला सांगा. फ्यूज कितीचा लावला, व्होल्टेज किती ठेवलं आणि अर्थ कुठे घेतला हे तीन प्रश्न विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला गाडी देऊ नका. टूरवाल्यांनी आणि शाळेच्या गाड्या चालवणाऱ्यांनी तर हे काम आधी करून घ्यावं, कारण त्यांच्या गाडीत बसणाऱ्याला आपला चालक निवडता येत नाही. कॅमेरा आधीच बसवलेला असेल तर येत्या पावसाळ्याआधी एकदा फ्यूज बॉक्सचं झाकण उघडा आणि कॅमेऱ्याला स्वतःचा छोटा फ्यूज आहे का ते बघा. नसेल तर काम अर्धवट आहे. ज्याने पैसे घेतले त्याच्याकडूनच ते पुरं करून घ्या.